अप्पांचं २०११ चं रजिस्टर मृत्युपत्र, मधल्या काळात सगळंच बदललंय, नवीन करावं का?

अक्कलकोटरोडकर

नमस्कार. विषय जरा नाजूक आहे, पण इथं कोर्टकचेरी बघितलेली बरीच मंडळी आहेत म्हणून विचारतोय.

आमच्या अप्पांनी २०११ साली मृत्युपत्र केलं, रीतसर रजिस्टर, दोन साक्षीदार, सगळं व्यवस्थित. कुणाला न विचारता स्वतःच्या मनानं केलं आणि नंतर सगळ्यांना बसवून वाचून दाखवलं, त्याबद्दल मला खरंच आदर आहे कारण आमच्या नात्यात दुसऱ्या कुणी असं करून ठेवलेलं नाही. त्यात साखर पेठेतलं घर मोठ्या भावाला, एमआयडीसीतल्या कारखान्यातला हिस्सा आणि माग मला, अक्कलकोट तालुक्यातलं शेत दोघा भावांना निम्मं निम्मं, बँकेतली सगळी रक्कम आईला, आणि बहिणीला लग्नात दिलंय म्हणून थोडं सोनं, असं आहे.

आता मधल्या काळात काय झालं बघा. साखर पेठेतलं घर २०१६ ला विकलं आणि त्या पैशात जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, तो अप्पा आणि आई दोघांच्या नावावर. दादा २०२१ ला कोरोनात गेला, वहिनी आणि पुतणी आमच्यासोबतच राहतात, पुतणी आता कॉलेजला आहे. माग चालेनात म्हणून भंगारात गेले, शेड भाड्यानं दिलाय आणि त्यात चुलते पार्टनर आहेत. शेतातला काही भाग हायवेला गेला, त्याची भरपाई आली ती अप्पांच्या नावावर एफडीत पडून आहे आणि तिथं नॉमिनी अजून दादाच आहे. साक्षीदारांपैकी एक काका वारले, दुसरे मुलाकडे हैदराबादला गेलेत.

अप्पांचं वय आता ७७. विषय काढला की म्हणतात एकदा केलंय ना, रजिस्टर आहे, आता कशाला उकरून काढायचं. मला स्वतःला काही जास्त नको आहे, पण वहिनी आणि पुतणी उघड्यावर पडू नयेत आणि बहिणीशी वाकडं येऊ नये एवढंच वाटतं. तर हे जुनं मृत्युपत्र आज चालतं का, त्यातच पेननं दुरुस्ती करून सही केली तर चालेल का, की पूर्ण नवीन करायचं? आणि हे मी त्यांना सांगायचं कसं, कारण मी बोललो की ते इस्टेटीवर डोळा असल्यासारखं दिसतं.

सातरस्ता_सोलापूर

भाऊ, मृत्युपत्राच्या भानगडीत परत पडण्यापेक्षा अप्पांच्या हयातीतच बक्षीसपत्र करून टाका. महाराष्ट्रात मुलाला, मुलीला, नातवाला, नातीला, बायकोला किंवा वारलेल्या मुलाच्या बायकोला राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार काय असेल तो वेगळा. म्हणजे तुमच्या वहिनी आणि पुतणी दोघीही त्यात बसतात. एकदा नावावर झालं की विषय संपला, मागं कुणी साक्षीदार शोधत बसायला नको.

दिवाणीवाला

मी सोलापूर कोर्टात दिवाणी बाजूला बरीच वर्षं काम करतोय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आधी बक्षीसपत्राबद्दल. २०० रुपयांची गोष्ट बरोबर आहे आणि वहिनी, पुतणीसाठी काही भाग तसा देण्यात अर्थही आहे. पण बक्षीसपत्र म्हणजे आजच मालकी गेली, उद्या अप्पांचं मन बदललं किंवा दवाखान्याला पैसा लागला तर ते घर त्यांना विकता येणार नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली सांभाळ न केल्यास असं बक्षीसपत्र रद्द करता येतं, पण त्यासाठी सांभाळण्याची अट असावी लागते आणि प्रांतांकडं हेलपाटे घालावे लागतात, त्या वयात कुणावर ती वेळ येऊ नये. म्हातारपणी डोक्यावरचं छप्पर स्वतःच्या नावावर असणं याला फार किंमत आहे, म्हणून राहता फ्लॅट तरी बक्षीस देऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. मृत्युपत्र माणूस हयात आणि शुद्धीवर असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं, तोच त्याचा मोठा फायदा आहे.

आता तुमचं २०११ चं. ते रद्द झालेलं नाही, कागद म्हणून जिवंत आहे, पण आतल्या एकेका कलमाचं काय झालंय ते बघा म्हणजे अप्पांनाही पटेल.

साखर पेठेतलं घर विकलं, त्यामुळं ते कलम संपलं. लोकांना वाटतं की त्याच पैशातून फ्लॅट घेतला म्हणजे घराचं कलम आपोआप फ्लॅटला लागू होतं, तसं होत नाही. जी वस्तू मरतेवेळी मालकाकडं नाही तिचं मृत्युपत्रातलं दान गळून पडतं, भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ कलम १५२. मग फ्लॅटचं काय? कागदावर दोघांची नावं आहेत, हिस्सा वेगळा लिहिलेला नसेल तर साधारण निम्मा निम्मा धरतात. आईंचा निम्मा आईंचाच. अप्पांच्या निम्म्याबद्दल जुन्या मृत्युपत्रात शेवटी "याशिवाय राहिलेली व पुढे मिळणारी सर्व मिळकत अमुक यांना" असं वाक्य आहे का ते आधी उघडून बघा. नसेल तर तो निम्मा भाग मृत्युपत्र नसल्यासारखा वारसांत जाईल, म्हणजे हिंदू वारसा कायद्यानं आई, तुम्ही, बहीण आणि दादाची शाखा असे चार सारखे वाटे, दादाच्या वाट्यात वहिनी आणि पुतणी मिळून. एका फ्लॅटचे असे तुकडे पडले की पुढं विकताना प्रत्येकाची सही.

दादाच्या वाट्याचं शेत. इथं बरेच जण चुकीचं सांगतात की ज्याला दिलं तो आधी वारला म्हणजे त्याचा वाटा गेला. परक्याला दिलं असतं तर गेला असता. पण स्वतःच्या मुलाला दिलंय आणि त्या मुलाचं मूल हयात आहे, तेव्हा त्याच १९२५ च्या कायद्याच्या कलम १०९ प्रमाणं दान टिकतं, आणि दादा जणू अप्पांच्या लगेच नंतर वारला असं समजून तो वाटा दादाच्या वारसांना जातो. मुलाच्या वारसांत आईसुद्धा पहिल्या वर्गात येते हे लोकांच्या ध्यानात नसतं. त्यामुळं वहिनी, पुतणी आणि तुमची आई तिघींना सारखा भाग. पुतणीला पूर्ण द्यावं अशी अप्पांची इच्छा असेल तर तिचं नाव घालून लिहायला हवं, कायद्यावर सोडलं तर तसं घडणार नाही.

हायवेला गेलेल्या जमिनीचे पैसे. ती जमीन तर आता नाही, आणि मृत्युपत्रात "बँकेतली सगळी रक्कम आईला" असं लिहिलंय म्हणता, म्हणजे शब्दशः वाचलं तर दोघा भावांना जायची होती ती जमीन पैसा होऊन सगळी आईंकडं जाते. आईंकडं जाण्यात वाईट काही नाही, पण अप्पांनी तसं ठरवलेलं नव्हतं, ते आपोआप झालं. जुन्या मृत्युपत्रात खरा धोका हाच असतो, कागद बोलतो पण माणसाच्या आजच्या मनातलं बोलत नाही.

कारखाना. पार्टनरशिप असेल तर अप्पा शेड देऊ शकत नाहीत, फर्ममधला आपला हिस्सा देऊ शकतात. १९३२ च्या भागीदारी कायद्यात करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर भागीदार वारला की फर्म विसर्जित होते. तेव्हा चुलत्यांसोबतचं पार्टनरशिप डीड काढा, त्यात मृत्यूनंतर काय ते लिहिलंय का बघा, नसेल तर मृत्युपत्राच्या आधी ते डीड दुरुस्त करून घ्या.

शेत वडिलोपार्जित आहे की अप्पांनी स्वतः घेतलेलं हेही सांगा. वडिलोपार्जित आणि वाटणी न झालेलं असेल तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर बहिणीचा हक्क जन्मापासूनचा, सुप्रीम कोर्टानं २०२० च्या विनीता शर्मा निकालात ते पक्कं केलंय. मग अप्पांना फक्त स्वतःच्या हिश्शापुरतं मृत्युपत्र करता येतं, बाकीच्यावर काहीही लिहिलं तरी उपयोग नाही.

पेननं दुरुस्ती अजिबात करू नका. सही झाल्यानंतरची खाडाखोड तशीच सही आणि दोन साक्षीदारांनिशी केलेली नसेल तर तिला किंमत नाही, आणि वर सगळ्या कागदावरच संशय येतो. एखादी किरकोळ गोष्ट असती तर पुरवणी मृत्युपत्र म्हणजे कोडिसिल चाललं असतं. तुमच्याकडं माणसं, मिळकत, साक्षीदार सगळंच बदललंय, तेव्हा नवीन करा आणि पहिल्याच परिच्छेदात २०११ च्या दस्ताचा नंबर आणि तारीख टाकून ते रद्द केल्याचं लिहा. जुन्या अस्सल प्रतीवर तसा शेरा मारून ठेवा पण फाडू नका. दुर्दैवानं नवीन कुणी कोर्टात पाडलंच तर निदान जुनं हाताशी राहतं.

बँकेतून_रिटायर

दिवाणीवाले साहेबांनी मिळकतीचं सांगितलंच आहे, मी फक्त त्या एफडीबद्दल बोलतो कारण कौंटरवर बसून हे फार बघितलंय आणि फार वाईट वाटायचं.

वारलेला नॉमिनी म्हणजे नॉमिनीच नाही. उद्या अप्पांना काही झालं तर बँक वारसांकडून कागद मागणार, रक्कम मोठी असली की सक्सेशन सर्टिफिकेट म्हणजे कोर्टाचा वारसा दाखला मागतात आणि त्याला कोर्टात जावं लागतं, महिनोन्महिने जातात आणि घरात पैसा असून हातात नाही अशी अवस्था. हे काम उद्या सकाळी होण्यासारखं आहे, अप्पांना घेऊन बँकेत जा, नॉमिनेशन बदला आणि नोंद झाल्याची पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय घरी येऊ नका.

१ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, टक्केवारी देऊन एकदम किंवा एकामागून एक अशा क्रमानं. लॉकरला मात्र फक्त क्रमानंच. तेव्हा आई, तुम्ही, बहीण, पुतणी असं टक्केवारीनं लावता येईल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हातात पैसे देऊन मोकळी होते, पण ते कुणाचे ते मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. सुप्रीम कोर्टानं १९८४ ला विम्याच्या बाबतीत हेच सांगितलं आणि शेअर्सबद्दल डिसेंबर २०२३ ला परत तेच. विम्यात २०१५ नंतर एवढा फरक झालाय की नॉमिनी आईवडील, नवरा बायको किंवा मुलं असतील तर ती रक्कम त्यांचीच होते. म्हणून नॉमिनी एक आणि मृत्युपत्रात दुसरंच असं ठेवू नका, भांडणाची सुरुवात तिथूनच होते. नवीन मृत्युपत्र झालं की त्याच आठवड्यात बँक, पोस्ट, विमा, म्युच्युअल फंड सगळीकडचे नॉमिनी त्याला जुळवून घ्या.

जुनी विसरलेली खाती पण शोधा. मिल आणि कारखान्याच्या काळातली पेठेतल्या शाखांत उघडलेली खाती लोकांच्या ध्यानातच नसतात. दहा वर्षं व्यवहार नसला की ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, बुडत नाही, परत मिळते, रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव टाकून शोधता येतं.

मोहोळचा_शेतकरी

शेताबद्दल एक राहिलं. मृत्युपत्र लिहायच्या आधी ताजा सातबारा आणि आठ अ काढा. भूसंपादन झाल्यावर गटाचं क्षेत्र कमी होतं, कधी गटाचे पोटहिस्से पडतात, आणि २०११ च्या कागदात जुनं क्षेत्र असतं. मग फेरफार धरताना तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) मेळ बसत नाही म्हणून अडवतो आणि त्यात त्याची चूक पण नसते. आमच्या भावकीत तर याहून वाईट होतं, सातबारा अजून आजोबांच्याच नावावर आणि त्यावर चुलत्यांनी मृत्युपत्र केलेलं. आधी वारस नोंद, मग वाटप, मग मृत्युपत्र, हा क्रम चुकला की पुढची पोरं एकमेकांची तोंडं बघत नाहीत. वारस नोंदीचा अर्ज आता ई हक्क वर ऑनलाइन पण करता येतो.

विकास सोसायटीचं पीक कर्ज असेल तर तेही लिहा. देणं कुणी फेडायचं हे मृत्युपत्रात नसलं की शेत घेणारा म्हणतो सगळ्यांनी फेडा.

जुळेसोलापूरची_ताई

सगळे अप्पांचंच बोलताय म्हणून लिहितेय. आईंचं मृत्युपत्र कुठाय?

फ्लॅटमध्ये आईंचा निम्मा हिस्सा, अंगावरचं सोनं, आणि आता अप्पांकडून जे येईल ते. आईंनी काही केलं नाही तर त्यांचं मुलांना जाईल, आणि दादा नसला तरी पुतणीला तिच्या बापाचा वाटा मिळेल. पण वहिनींना आईंच्या मिळकतीत कायद्यानं काहीच मिळत नाही, बाईच्या वारसांत वारलेल्या मुलाची मुलं येतात, सून येत नाही. अप्पांच्या बाबतीत मात्र वारलेल्या मुलाची बायको येते. हा फरक घरोघरी कुणालाच माहीत नसतो आणि त्याचा फटका अशाच बाईला बसतो जिचा नवरा आधी गेलाय. तुम्ही वहिनींची काळजी करताय हे वाचून बरं वाटलं, तर मग दोन मृत्युपत्रं करा, अप्पांचं वेगळं आणि आईंचं वेगळं, आणि दोघांनीही "माझ्या आधी जोडीदार गेला तर माझं अमक्याला" हे लिहून ठेवावं, म्हणजे दर वेळी बदलायला नको.

मूलबाळ नसलेल्या बायकांनी तर हे आजच करावं. नवरा नाही, मूल नाही आणि मृत्युपत्रही नाही, तर बाईनं स्वतःच्या पगारातून घेतलेलं घरसुद्धा सासरच्या वारसांना जातं, सख्खी बहीण जिनं शेवटपर्यंत केलं ती बाजूलाच राहते. आईवडिलांकडून वारशानं आलेलं तेवढं माहेरी परत जातं. माझ्या मावशीच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय.

आणि बहिणीबद्दल. "लग्नात दिलंय" हे कायद्यात कारण होत नाही, पण स्वकष्टार्जित मिळकत अप्पा कुणालाही देऊ शकतात हेही खरं. माझं म्हणणं एवढंच की तिला काय दिलं आणि का, हे अप्पांनी स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहाव्यात, आणि जमलं तर तिला समोर बसवून सांगावं. गड्ड्याला म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला सगळे सोलापुरात येतातच, तेव्हा अप्पांनीच विषय काढला तर कुणाच्या मनात राहत नाही. बहिणीला वकिलाच्या नोटिशीतून कळणं आणि बापाच्या तोंडून कळणं यात फार अंतर आहे.

शास्त्रीनगरवाला

आमच्या मुस्लिम मंडळींनी वरचं सगळं जसंच्या तसं धरू नये, आमच्यात वसियत अंत्यसंस्कार आणि कर्ज वजा जाता एक तृतीयांशापर्यंतच करता येते, जास्त असेल तर वारसांची संमती लागते, आणि सुन्नी असाल तर वारसालाच वसियत करायची तरी इतर वारसांची संमती लागते. पण नॉमिनी, पार्टनरशिप डीड, सातबारा अपडेट ठेवणं हे सगळ्यांना सारखंच. चांगला धागा आहे.

अक्कलकोटरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच इतकं नीट कुणी समजावलं नव्हतं. एफडीचं तर उद्याच बघतो. शेत आजोबांकडून आलेलं आहे, वाटणी झालेली नाही, म्हणजे ताईचा हक्क आहेच असं दिसतंय, हे अप्पांना बहुतेक माहीत नाही.

अजून थोडं विचारतो. स्टॅम्प पेपर किती रुपयांचा लागेल? अप्पांना फारसं बाहेर पडवत नाही तर रजिस्ट्रेशन घरी होतं का? आणि मसुदा मी टाइप करून नेला तर चालेल का, म्हणजे त्यांना त्रास कमी.

दिवाणीवाला

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. मसुदा तुम्ही टाइप करू नका, वकील तुम्ही ठरवू नका, सहीच्या वेळी खोलीत थांबू नका. ज्याला मृत्युपत्रातून मिळणार आहे त्यानंच ते करण्यात पुढाकार घेतला की कोर्ट ती संशयास्पद परिस्थिती धरतं, १९५९ च्या वेंकटाचल अय्यंगार निकालापासून हे चालत आलंय आणि आजही प्रत्येक मृत्युपत्राच्या दाव्यात तो निकाल पुढं येतो. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी उलटतपासात पहिला प्रश्न तोच, मसुदा कुणी आणला. अप्पांनी स्वतः वकिलाशी बोलावं, फोनवर का असेना, आणि तुम्ही फक्त गाडीनं सोडायचं. त्यांना कागदात काय लिहिलंय ते कुणाला सांगायचं बंधनही नाही. तुम्ही इस्टेटीवर डोळा ठेवलाय असं दिसेल याची जी भीती वाटते, तिच्यावर उपायही हाच.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, साध्या कोऱ्या कागदावर चालतं, प्रत्येक पानावर सही घ्या. नोंदणी सक्तीची नाही आणि नंतरचं बिननोंदणीचं मृत्युपत्रसुद्धा आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्राला मागं टाकतं, पण पहिलं रजिस्टर असताना दुसरं साध्या कागदावर केलं की लोक बोट दाखवतात, म्हणून रजिस्टर कराच. आजारपण किंवा अशक्तपणाचं कारण देऊन अर्ज केला तर दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतात, नोंदणी कायद्यात तशी सोय आहे. सोलापुरात प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, सक्तीचा नाही, तेवढं एक सोपं आहे.

साक्षीदार अप्पांपेक्षा वयानं लहान, इथंच राहणारे आणि मृत्युपत्रातून काही न मिळणारे घ्या. मृत्युपत्र सिद्ध करायचं तर निदान एक साक्षीदार कोर्टात यावा लागतो, दोघंही हयात नसले तर सह्या आणि हस्ताक्षर ओळखणारे शोधत फिरावं लागतं. तुमचे जुने एक साक्षीदार वारले, दुसरे हैदराबादला, म्हणजे फक्त या कारणासाठीसुद्धा नवीन करणं बरं. एक साक्षीदार अप्पांना नेहमी बघणारे डॉक्टर असले तर उत्तम, नसतील तर त्याच दिवसाचं "शुद्धीवर आहेत, समजून सही केली" असं त्यांचं सर्टिफिकेट जोडा. ७७ व्या वर्षी याची गरज आहे.

शेताबद्दल, वाटणी झालेली नाही म्हणता तर अप्पांनी "शेतातील माझा जो काही अविभक्त हिस्सा असेल तो" असं लिहावं, एकरात लिहू नये.

नंतर परत कधी बघायचं हे कुणी विचारलं नाही तरी सांगतो. घरात जन्म, मृत्यू, लग्न, घटस्फोट, खरेदी, विक्री, मोठं कर्ज, यातलं काही झालं की त्या महिन्यात कागद काढून वाचायचा. हिंदूंमध्ये लग्नानं किंवा घटस्फोटानं जुनं मृत्युपत्र आपोआप रद्द होत नाही, घटस्फोटित बायकोच्या नावानं लिहिलेलं तसंच राहतं, असे दावे आहेत. काहीच बदल नसेल तरी चार पाच वर्षांतून एकदा वाचावं, साक्षीदार कुठं आहेत ते बघावं. यासोबत एक वेगळी वही ठेवा, कुठली खाती, पॉलिस्या, घरपट्टीचा नंबर, लाईट बिल, लॉकर, देणी घेणी, आणि दर मार्चला टॅक्स भरताना ती अपडेट करा. त्या वहीत कुणाला काय हे मात्र चुकूनही लिहू नका, ती फक्त यादी.

सातरस्ता_सोलापूर

साहेब एक शंका, फ्लॅट सोसायटीत असेल तर सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नॉमिनी टाकला की झालं ना? आमच्या बिल्डिंगमध्ये सेक्रेटरी सगळ्यांना तेच सांगतात.

दिवाणीवाला

नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली, त्यानंतर नॉमिनीला फक्त प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता मेंबर करतात, मृत्युपत्र किंवा वारसांचे कागद येईपर्यंत तो नुसता सांभाळणारा. नॉमिनी टाकाच, मेंटेनन्स आणि मीटिंगच्या कामाला सोपं जातं, पण मालकी मृत्युपत्रावरच ठरणार. आणि मृत्युपत्राची नोंदणी झाली की एक झेरॉक्स आईंकडं, अस्सल प्रत बँकेच्या लॉकरऐवजी घरात कुलपात ठेवा, कारण लॉकर अप्पांच्या एकट्याच्या नावावर असला तर तो उघडायलाच आधी कागद मागतात.